हॅलोकाकू आणि त्यांच्या सासूबाई

"ही चालेल. ही कोणाच्या तोंडाकडे बघतच नाही."

हे वाक्य माझ्याबद्दल होतं, आणि मी तिथेच, चपलांच्या रॅकपाशी, पायपुसण्यावरची नक्षी बघत उभी होते. संकष्टीचे मोदक द्यायला आई मला घेऊन तळमजल्यावर हॅलोकाकूंकडे उतरली होती. सव्वीस वर्षांच्या मुलीच्या आईने "ही चालेल" असे शब्द ऐकले की तिच्या डोक्यात एकच गोष्ट येते. आईचा चेहरा उजळला. तिने ओढणी सारखी केली आणि आवाज खाली आणून विचारलं, "मुलगा काय करतो?"

"हॅलो, मुलगो खंयसून इलो मधीच?" काकू म्हणाल्या. "कुत्र्यांसाठी म्हणतेय मी."

आईने मोदकांचा डबा काकूंच्या हातात दिला खरा, पण देता देता तो किंचित मागे ओढला, हे मी पाहिलं. मला असं खूप दिसतं. बोलण्यात वेळ जात नसला की बघायला भरपूर उरतो.

हॅलोकाकू हे नाव सोसायटीने ठेवलेलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली, त्यामुळे हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशीही त्या "हॅलो"नेच सुरुवात करत. भाजीवाल्याला हॅलो, देवाला हॅलो, उतू जाणाऱ्या दुधालाही हॅलो. आवाज असा की मुलुंड पूर्वेच्या आमच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये इंटरकॉम बसवायचा ठराव आला तेव्हा कोणीतरी म्हणालं, कशाला, तळमजल्यावर आहे की एक. "त्या काळी मालवणला ट्रंक कॉल लावायचा म्हणजे अर्धं अंतर आपल्याच गळ्याने कापायचं असायचं," असं त्या सांगत. पुढे त्या निवृत्त झाल्या, काका वारले, मुलगा बंगळुरूला गेला आणि त्यांच्या दोन खोल्यांत कुत्रे आले.

हे कुत्रे रस्त्यावरचे नव्हते. लोक वाढदिवसाला रिबीन बांधून जी गुबगुबीत पिल्लं भेट देतात, त्यांचे हे आईबाप. पामेरियन, पग, शिह त्झू. देवनारच्या पलीकडे, भिवंडीच्या रस्त्याला, कुठल्या कुठल्या गाळ्यांत त्यांना जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात आणि वर्षानुवर्षं पिल्लं काढून घेतात. कुठे धाड पडली की प्राण्यांसाठी काम करणारी पोरं यांना सोडवून आणत आणि कायमचं घर मिळेपर्यंत कोणाकोणाकडे ठेवत. काकूंकडे सगळ्यात घाबरलेले येत. जन्मभर जाळीवर उभं राहून त्यांच्या पायांची बोटं फाकलेली असत. सपाट लादी दिसली की हिच्यावर पाय ठेवायचा तरी कसा, या विचारात ते उभेच राहत. ऊन म्हणजे काय, दार म्हणजे काय, माणसाचा हात काही काढून न नेता नुसताच जवळ येऊ शकतो, यातलं काहीच त्यांना ठाऊक नसे.

त्यांच्या सुधारण्यात अडचण एकच होती, ती म्हणजे काकू. काकूंनी कितीही मायेने "हॅलो" म्हटलं तरी सगळे कुत्रे कपाटाखाली. "माझा आवाज ट्रंक कॉलचा," त्या आईला समजावत होत्या. "त्यांना लोकल कॉल पायजे. हिचा कसा, बाजूला बसलेल्याला पण वायर टाकून घ्यावी लागते."

मी का बोलत नाही, याचं कारण काही मोठं नाही. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की बाई फळ्यावर नाव लिहायच्या. घरी मराठी बोललं की मामा आणि मावश्या "परत म्हणून दाखव, परत म्हणून दाखव" करत आणि पोट धरून हसत. माझ्या एका वाक्यावर त्यांनी अख्खी मे महिन्याची सुट्टी काढली. दोन्हीकडे नाव घालवण्यापेक्षा गप्प बसणं सोयीचं होतं. पुढे नोकरीही तशीच मिळाली. घरी बसून इंग्रजी व्हिडिओंखालच्या ओळी तपासायच्या, म्हणजे दुसरे जे बोलून गेले ते नीट उमटलंय का हे बघायचं. तेव्हा काकूंना मी का चालणार होते हे मला आईच्या आधी समजलं, आणि मान हलवून मी हो म्हटलं.

काम सोपं होतं. कुत्र्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसायचं आणि हलक्या आवाजात काहीतरी वाचत राहायचं. मागे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, च्यक च्यक करून बोलवायचं नाही. बघणं म्हणजे त्यांच्या हिशेबी पकडायला येणं. पहिल्या दिवशी मी माझी इंग्रजी कादंबरी घेऊन गेले. दोन पानं झाली नाहीत तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "हॅलो, ह्या काय वाचतंस? देवनारचे कुत्रे ते. लंडनहून नाही आले." आणि रद्दीतल्या रविवारच्या पुरवण्यांचा गठ्ठा माझ्यापुढे पडला. त्यात माझ्या आवाक्यातली, आटोपशीर वाक्यांची पानं एकाच प्रकारची होती. 'वधू पाहिजे.'

मग मी तेच वाचू लागले. निर्व्यसनी, एकुलता, स्वतःचा ब्लॉक. 'गृहकृत्यदक्ष'पाशी मी तीनदा आपटले.

"म्हणजे सासू बसून खाणार!" काकू आतून ओरडल्या. एक पग टेबलाखाली गेला.

"'अपेक्षा माफक.'"

"म्हणजे यादी लग्न ठरल्यावर देणार!" आता शिह त्झूही गेली.

काकू बाजारात गेल्या की मात्र वाचन छान चाले. कुत्र्यांना त्या जाहिराती आवडत असाव्यात. 'पगार समाधानकारक' येईस्तोवर पगचं घोरणं सुरू होई. माझं मराठी सुधारलं ते असं, आणि आज मी हे मराठीत लिहितेय तेही त्याच जोरावर. 'सुस्वरूप' हा शब्द कुठेही दिसला की माझ्या डोळ्यांसमोर एक घोरणारा पग येतो, त्याला माझा इलाज नाही.

कुत्र्यांना खरं नाव नव्या घराने ठेवायचं, असा काकूंचा नियम होता. तोवर हाक मारायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी आपलं सासर कुत्र्यांत वाटून टाकलं होतं. सदा निराश दिसणारा पग म्हणजे मामंजी. डोळ्यांवर झिपऱ्या घेऊन कोणाचंच न ऐकणारी शिह त्झू म्हणजे धाकट्या जाऊबाई. आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्यात, भाजीवाल्यांच्या असतात तसल्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, अंगाची जुडी करून बसलेली, अर्ध्या अंगावरचे केस झडलेली पांढरी पामेरियन म्हणजे सासूबाई. सगळ्यांना अहोजाहो. "मामंजी, उठा जरा, लादी पुसायचीय." "जाऊबाई, दुसऱ्याच्या ताटात तोंड घालायची सवय सोडा, आता वय झालं तुमचं." भिंतीवर खऱ्या सासूबाईंचा फोटो होता, तो हे सगळं पाहत असे. "लग्न झाल्यापासून मी यांना वाढतेच आहे गो," काकू मला म्हणाल्या. "फरक इतकाच, आता मी बोलते आणि ते ऐकतात."

कुत्र्यांची कुणकुण लागून सोसायटीचे नवे सेक्रेटरी चौकशीला आले, तेव्हा काकूंनी त्यांना दारातच गाठलं. "हॅलो, सासूबाई आल्यायत. दात गेलेत, केस गेलेत, कोपरा सोडत नाहीत. बाहेर काढू म्हणता?" सेक्रेटरी वरमले. मग जिन्यात भेटले की ते चौकशी करत.

"सासूबाई कशा आहेत?"

"आज थोडा दहीभात खाल्लान."

"बोलतात का?"

"नाय ओ. आवाज गेलाय."

एके दिवशी सेक्रेटरी शहाळं घेऊनच आले. आत पाऊल टाकलं, मामंजींनी त्यांच्या बुटावर हनुवटी टेकवली आणि सगळा उलगडा झाला. काकू जराही ओशाळल्या नाहीत. "यातलं खोटं काय बोलले ते दाखवा," असं म्हणून त्यांनी शहाळं ठेवून घेतलं. सेक्रेटरींचाही राग टिकला नाही. त्यांना सासूबाईंच्या तब्येतीची सवय झाली होती. पुढेही ते विचारत राहिले.

आवाजाचं मात्र खरं होतं. शेजारपाजारी ऐकू जाऊ नये म्हणून गाळ्यातल्या माणसांनी सासूबाईंच्या घशाला काहीतरी केलं असणार, असं कुत्र्यांचे डॉक्टर म्हणाले. सासूबाई मान वर करत, तोंड उघडत, भुंकण्याची सगळी तयारी होई आणि नुसती हवा बाहेर येई. "हिचा माउथपीस गेला," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुझा शाबूत आहे. तू रिसीव्हर उचलून बाजूला ठेवलायस."

सासूबाई क्रेटबाहेर येत नसत. उचलून बाहेर ठेवलं तर खोलीच्या मधोमध क्रेटएवढ्याच जागेत गोल गोल फिरत राहत, जणू भोवती जाळी आहेच. काकूंनी दोन-चार दिवस हे पाहिलं आणि हार्डवेअरच्या दुकानातून करवत आणली. सासूबाई जेवायला तोंड घालत तेवढ्या वेळात क्रेटची एखादी पट्टी कापायची, कापलेल्या कडेला जुन्या साडीची चिंधी शिवायची आणि काही झालंच नाही अशा थाटात ताट उचलायचं. आज वरची कड, पुढच्या आठवड्यात समोरच्या भिंतीचा तुकडा. "रीडेव्हलपमेंट अशी पायजे," काकू म्हणत. "राहणाऱ्याक कळाक नको." असं करता करता क्रेटचा नुसता तळ उरला. सासूबाई त्या तळावर, चारी बाजूंनी मोकळ्या, पण पाय कडेच्या आत घेऊन बसलेल्या.

"या पण अशाच होत्या," काकू एकदा फोटोकडे बघून सहज म्हणाल्या. "गिरणी बंद पडली, मामंजी गावाला निघून गेले, आणि या भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्या. भूक लागली तरी मागायच्या नाहीत. मी आपली विचारत राहायची, भात वाढू? आमटी वाढू?" मग त्यांना आपण फारच हळू आवाजात बोललो असं वाटलं असावं, कारण लगेच त्या खिडकीतून कोथिंबीरवाल्यावर ओरडल्या.

त्यानंतर एका दुपारी मी वाचत होते आणि माझ्या पाठीला काहीतरी लागलं. गरम, हाडकुळं, थरथरणारं. मी मागे बघितलं नाही. सासूबाई तळावरून उतरल्या होत्या आणि माझ्याकडे पाठ करून, पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही. पान उलटलं तर उठतील, म्हणून मी 'फोटोसह त्वरित संपर्क साधावा' ही एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. स्वयंपाकघराच्या दारात काकू उलथनं घेऊन उभ्या होत्या. आत काहीतरी करपत होतं. त्यांच्या तोंडातून हॅलोसुद्धा निघालं नाही.

त्या दुपारपासून मला सासूबाई हव्या होत्या. गोष्ट एवढीच. ती कोणाला सांगावी लागणार, हाच घोटाळा होता.

कारण काकू कोणालाही "कुत्रा घे" म्हणत नसत. "गळ्यात मारलेली सून आणि गळ्यात मारलेला कुत्रा, दोन्ही टिकत नाहीत. मी लाइन जोडून द्यायची. बोलायचं ज्याचं त्याने." मागणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने, ऐकू येईल असं मागितलं पाहिजे. "ज्याला मागायला लाज वाटते, त्याला उद्या गेटवर उभं राहून कुत्र्याला हाक मारायला पण लाज वाटणार. मग तो कुत्रा गाडीखाली." हे सांगताना त्या माझ्याकडे बघत होत्या की नाही, ते मला माहीत नाही. मी पायपुसणं बघत होते.

घरी आईचं मत ठाम होतं. जनावर दाराबाहेर. तरी मी प्रयत्न केला. ती मेथी निवडत होती, मी समोर जाऊन बसले. वाक्य सकाळपासून तोंडात तयार होतं.

"आई."

आईचे हात थांबले. मी आपण होऊन हाक मारली की तिचे हात थांबतातच. "काय गं?"

"मिरच्या संपल्यात."

आईने हातातली काडी खाली ठेवली. "एकदा तरी काय ते धड बोल गं बाई. चुकीचं तर चुकीचं." आणि पुन्हा मेथीकडे वळली. मिरच्या संपल्याही नव्हत्या.

दरम्यान कुत्रे बघायला लोक येत होते आणि काकू त्यांची परीक्षा घेत होत्या. परीक्षा चकलीची. पाहुण्यांना चहाबरोबर चांगली कडक चकली द्यायची आणि कान देऊन बसायचं. या कुत्र्यांना कुर्रम असा आवाज झाला तरी धडकी भरते, हे काकू आधी सांगून ठेवत. मग जो तरीही कचाकचा चावेल तो नापास. "चकली आवाज न करता खाता येत नाही, ते मलाही कळतं. प्रयत्न कोण करतो ते बघायचं." घाटकोपरचे एक गृहस्थ चकलीचा तुकडा गालात धरून तो विरघळायची वाट बघत बसले. बायको काही विचारत होती तरी उत्तर देईनात. मामंजी उठले, त्यांच्या मांडीत जाऊन झोपले आणि तसेच घाटकोपरला गेले. बोरिवलीच्या एकांनी मात्र कुर्रम करता करता सासूबाईंकडे बोट दाखवून विचारलं, "हिला अजून पिल्लं होतील का?" काकूंनी शांतपणे त्यांच्या हातातली उरलेली चकली काढून घेतली. "हॅलो, तुमच्या चपला बाहेर आहेत."

मग बिल्डिंग खरोखरच रीडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांना जागा रिकाम्या करायच्या होत्या. आम्ही जवळच भाड्याच्या घरात जाणार होतो. काकूंनी मालवणजवळ भावाकडे जायचं ठरवलं. गुडघे गेले होते, मुंबईत पुन्हा बिऱ्हाड मांडायचा धीर नव्हता. भावाकडे चार दांडगे गावठी कुत्रे होते, त्यांच्यात सासूबाई एक दिवसही टिकल्या नसत्या. म्हणजे काकू जायच्या आत त्यांना घर मिळायला हवं होतं. जाऊबाई एका शिक्षिकेकडे गेल्या. सासूबाई राहिल्या. दात नसलेली, भुंकता न येणारी म्हातारी कोणाला हवी असणार, असं मी स्वतःला समजावत होते. मला त्यात थोडा आनंदही होत होता.

काकू आता गावीच असतात. आठवड्यातून एकदा त्यांचा फोन येतो. "हॅलो" म्हणतात, आणि मग गप्प बसतात. एवढ्या बोलक्या बाई, पण एक अक्षर काढत नाहीत. पलीकडे फक्त कोंबड्यांचा आवाज येत राहतो. मीच सुरुवात करावी म्हणून चाललेलं असतं. मी बोलायला लागले की पलीकडून समाधानाने खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या मुंबईतल्या शेवटच्या रविवाराबद्दल.

कुत्रा घरातून निघाला की काकू गाऱ्हाणं घालत. ज्यांचं गाव कोकणात आहे त्यांना हे सांगायला नको. उंबऱ्यावर नारळ ठेवायचा, हात जोडून देवाला मोठ्याने सांगायचं की बाबा रे, असं असं आहे, सांभाळून घे, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. जाऊबाईंच्या वेळी काकूंनी "जेणी कोणी हिका पिंजऱ्यात घातल्यान, तेका जन्मभर सोसायटीच्या मिटिंगीत बसव रे म्हाराजा!" असं म्हटलं होतं, तेव्हा सेक्रेटरींचा व्हय जरा बारीक निघाला होता. मी नुसते ओठ हलवले होते. आयुष्यभर लोकांचे आवाज वेगळे काढत बसलेल्या बाईला ते कळणारच. "एक व्हय कमी पडलो," नारळ फोडता फोडता त्या म्हणाल्या होत्या.

त्या रविवारी अंधेरीहून एक जोडपं सासूबाईंना बघायला आलं. पन्नाशीचे, शांत. मी भिंतीपाशी बसून त्यांच्यातला दोष शोधायला लागले आणि तो सापडेना. दोघांनीही चकली चहात बुडवून, मऊ करून खाल्ली. त्यांच्याकडे गॅलरी होती, लिफ्ट होती, घरी सतत कोणीतरी होतं. हे कमी म्हणून की काय, त्या बाई कोणी न सांगता जमिनीवर बसल्या, आणि तेही सासूबाईंकडे पाठ करून. हा तर अन्याय होता. त्यांनी पट्टा आणला नव्हता, टोपली आणली नव्हती. साखर कमी पडली तेव्हा ते गृहस्थ स्वतःच उठले आणि कोणाला काही न विचारता स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून नेमकी साखरेचीच बरणी काढून घेऊन आले. हे सगळं मी पाहिलं. एरवी मी त्याचा काही अर्थ लावला असता.

"पसंत?" काकूंनी विचारलं.

"पसंत," ते दोघं म्हणाले.

काकूंनी नारळ उंबऱ्यावर ठेवला. सेक्रेटरी आले. आईही वरून खाली आली, काकूंचा निरोप घ्यायला. सगळे दारापाशी हात जोडून उभे राहिले. सासूबाई माझ्या पायांशी उभ्या होत्या, फाकलेल्या बोटांनी लादी घट्ट धरून. माझ्या घशात वाक्य होतं, पण ते मराठीत होतं की इंग्रजीत, तेही मला कळत नव्हतं.

काकूंनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या मुक्या जीवाक आजवर कोणी इचारल्यान नाय, बाय गो, तुका काय होया म्हणान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका मागाक येना नाय, म्हाराजा! तिचो आवाज मेल्यांनी काढून घेतलो!"

"व्हय म्हाराजा!" आईसुद्धा जोरात म्हणाली. तिचे डोळे ओले झाले होते.

इथे काकूंनी डोळे उघडले. गाऱ्हाणं घालताना त्या कधीच डोळे उघडत नसत. आणि त्या देवाकडे बघत नव्हत्या.

"तर आता तिका अंधेरीक धाडतंव, म्हाराजा," त्या सावकाश, एकेक शब्द मोजून म्हणाल्या. "हिच्या मनासारख्या जा माणूस, ता हेच. दुसरा कोणी मागणारा नाय, असा समजान मान्य करून घे रे म्हाराजा!"

आणि थांबल्या. सगळ्यांनी श्वास आत घेतला. सेक्रेटरींचं तोंड उघडलेलं मला दिसलं, आईचं दिसलं, अंधेरीच्या बाईंचं मात्र घट्ट मिटलेलं होतं. त्या खाली बघून हसू दाबत होत्या. पण तेव्हा मला थांबायला सवडच नव्हती, कारण सगळ्यांच्या आधी, अख्ख्या जिन्यात घुमेल अशा आवाजात, मी म्हणाले होते:

"नाय म्हाराजा! ह्या माझ्या सासूबाई आहेत!"